छप्पर कोणाच्या नावावर?

आजची गोष्ट चित्रकारांची आहे. पण चित्रं कशी काढली, कोणत्या शैलीत काढली, याबद्दल मी आज फारसं बोलणार नाही. ती कुठे बसून काढली, त्या जागेचं भाडं किती होतं आणि ती जागा पुढे राहिली का गेली, एवढंच बघायचं आहे. कलेच्या इतिहासाच्या पुस्तकांत ही बाजू तळटिपेत जाते. पण घरमालकाने खोली रिकामी करायला सांगितली की चित्रकाराचं पुढचं वर्ष कसं जाईल ते त्या तळटिपेवरच ठरतं.

सुरुवात मुंबईतून करू. काळा घोड्याला वेसाइड इन नावाचं एक उपाहारगृह होतं. कवी अरुण कोलटकर तिथे वर्षानुवर्षं येऊन बसायचे. काळा घोड्याच्या परिसरावरची त्यांची इंग्रजी कविता त्या टेबलाशी जोडलेली आहे. कोलटकर जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले, चित्रकलेची जाण असलेले, जाहिरात क्षेत्रात नाव कमावलेले. पण कवितेसाठी त्यांना लागलं काय? एक टेबल, एक चहा आणि समोरचा रस्ता.

आता त्याच टेबलावर एखाद्या चित्रकाराला बसवा. त्याला पाच फुटी कॅनव्हास टेकवायला भिंत हवी. चित्राकडे लांबून बघायला मागे सरकायची जागा हवी. दिवसभर फार न बदलणारा उजेड हवा. तेलरंग वाळायला दिवस लागतात, तोवर ते चित्र कुठेतरी ठेवायला हवं. जुनी, न विकली गेलेली चित्रं ठेवायलाही जागा हवी. टर्पेंटाइनच्या वासाबद्दल शेजाऱ्यांनी तक्रार करू नये, ही अपेक्षा वेगळीच. शिल्पकाराची गोष्ट तर याहून अवघड. छिन्नी-हातोड्याचा आवाज, प्लास्टरची धूळ, वेल्डिंगच्या ठिणग्या हे सगळं कुठली हाउसिंग सोसायटी सहन करेल?

म्हणजे चित्रकाराच्या दृष्टीने खोली हे नुसतं राहण्याचं ठिकाण नसतं, ते त्याचं अवजार असतं. आणि शहरात सगळ्यात महाग अवजार तेच.

मग तुम्ही म्हणाल, शहराबाहेर जा की! बरेच जण जातात. कोणी वसई-विरारला जातो, कोणी बदलापूरला. पण गॅलऱ्या शहरात, विकत घेणारे शहरात, फ्रेम करणारे शहरात आणि पोटासाठी करायची शिकवणीची किंवा जाहिरातीची कामंही शहरातच. त्याहून महत्त्वाचं म्हणजे दुसरे चित्रकार शहरात असतात. शेजारच्या खोलीत कोणी काय करतंय ते पाहून माणूस शिकतो. ही शिकवणी लोकलमध्ये दोन-दोन तास घालवून होत नाही.

मुंबईत एक गोष्ट आणखी होती. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुनी भाडी गोठवली. जो आधीपासून आत होता त्याचं भलं झालं. नव्याने येणाऱ्याला मात्र पागडी मोजल्याशिवाय दार उघडत नव्हतं. भाडं कमी, पण आत शिरायची किंमत मोठी. गावाहून जे. जे.त शिकायला आलेल्या मुलाकडे पागडीचे पैसे कुठून असणार? मकबूल फिदा हुसेन मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवून पोट भरत होते, ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो. पण तो माणूस मोठ्या आकाराचं काम रस्त्यावर शिकला, कारण मोठ्या आकाराची भिंत त्याला रस्त्यावरच मिळत होती, हेही लक्षात ठेवू.

अशा मुंबईत एक दार उघडं होतं. वॉर्डन रोडवर, समुद्राच्या अगदी काठाला, भुलाभाई देसाईंचा बंगला होता. भुलाभाई म्हणजे लाल किल्ल्यावर आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांचा खटला लढवणारे वकील. 1946 मध्ये ते गेले. पुढे त्यांच्या सूनबाई मधुरीबेन देसाई यांनी त्या वास्तूत भुलाभाई देसाई मेमोरियल इन्स्टिट्यूट सुरू केली. आज तो रस्ताच भुलाभाईंच्या नावाने ओळखला जातो.

पन्नास आणि साठच्या दशकांत या बंगल्यात कोण कोण होतं ते ऐका. वासुदेव गायतोंडे तिथे चित्रं काढत होते. हुसेन होते. प्रफुल्ला डहाणूकर होत्या. नसरीन मोहमदी होत्या. अल्काझींचं थिएटर युनिट तिथे होतं. विजया मेहतांच्या 'रंगायन'च्या तालमी तिथे झाल्या. रविशंकरांची किन्नर ही संगीतशाळाही तिथेच होती. स्टुडिओचं भाडं दिवसाला एक रुपया होतं, असं त्या काळचे लोक सांगत आले आहेत. चित्रकार काम करतोय, शेजारून सतारीचे सूर येताहेत, गच्चीवर नाटकाची तालीम चाललीय. मराठी प्रायोगिक रंगभूमी आणि भारतीय आधुनिक चित्रकला एकाच जिन्यावरून वर-खाली करत होत्या. हे कोणी आखून केलेलं नव्हतं. स्वस्त खोल्या एका ठिकाणी असल्या की असं होतं.

गायतोंड्यांचं उदाहरण थोडं लांबवतो, कारण ते आपल्यातले. मूळ गोव्याचं घराणं, जन्म 1924 मध्ये नागपुरात, वाढले गिरगावच्या चाळीत. 1948 मध्ये जे. जे.तून पदविका घेतली. गिरगावच्या चाळीतल्या खोलीत किती माणसं राहतात हे मी सांगायला नको. तिथे रोज रात्री गाद्या घालायच्या असतात, इझल उभं करून ठेवता येत नाही. अशा माणसाला समुद्रासमोर एक शांत खोली मिळाली, आणि ती परवडणारी होती. गायतोंडे हळू काम करायचे. वर्षाला मोजकी चित्रं, आधी पुष्कळ वेळ नुसतं बसणं. ज्याला दर महिन्याला जबर भाडं भरायचंय त्याला असं नुसतं बसता येत नाही. त्याला विकलं जाईल असं काहीतरी भरभर करावं लागतं.

पण पुढे काय झालं? ती वास्तू खासगी होती, जमीन ब्रीच कँडीची होती आणि मुंबईत जमिनीचे भाव कुठे चालले होते ते सर्वांना दिसत होतं. इन्स्टिट्यूट मिटली, बंगला पडला, तिथे उंच इमारत उभी राहिली. कोणाला दोष देण्यात अर्थ नाही. इतकी वर्षं एका कुटुंबाने ते दार उघडं ठेवलं हेच मोठं. पण ते दार एका कुटुंबाच्या मर्जीवर उघडं होतं, हे खरंच.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला गायतोंडे दिल्लीला गेले आणि निजामुद्दीन पूर्व भागातल्या एका बरसातीत राहू लागले. बरसाती म्हणजे गच्चीवरची खोली. त्यांच्या जाण्यामागे कारणं अनेक असतील. पण मुंबईने त्यांना थांबवून धरावं असं मुंबईजवळ आता काही उरलं नव्हतं. 2001 मध्ये ते गेले. डिसेंबर 2013 मध्ये मुंबईत लिलाव झाला, त्यात त्यांचं एक चित्र 23.7 कोटी रुपयांना विकलं गेलं. भारतीय आधुनिक चित्राला तोवर मिळालेली ती सर्वांत मोठी किंमत होती. भाव वाढला, पण चित्रकार जाऊन बारा वर्षं झाल्यावर. आणि जो बंगला त्या चित्रकाराला वर्षानुवर्षं परवडला होता, तो त्याआधी कधीच पडला होता.

हे फक्त मुंबईतच झालं का? नाही. याच सुमाराला न्यूयॉर्कमध्ये हाच प्रश्न आला होता. तिथे त्याची उत्तरं कायद्याने आणि ट्रस्टने शोधली गेली, म्हणून थोडा वेळ तिकडे जाऊन येऊ.

मॅनहॅटनच्या दक्षिण भागात, ज्याला आज सोहो म्हणतात, तिथे कापड-कागद-पुठ्ठ्याचे जुने कारखाने होते. कारखाने निघून गेले आणि मोठमोठे रिकामे मजले उरले. उंच छत, मोठ्या खिडक्या, मजबूत जमीन. चित्रकाराला आणखी काय हवं? ते गुपचूप राहायला लागले. गुपचूप अशासाठी, की ती जागा कायद्याने कारखान्यांसाठी राखीव होती. आग लागली तर आत माणूस राहतो हे अग्निशमन दलाला कळावं म्हणून दारावर 'ए.आय.आर.' अशी पाटी लावायची पद्धत साठच्या दशकात सुरू झाली. म्हणजे 'आर्टिस्ट इन रेसिडेन्स'. 1971 मध्ये शहराने नियम बदलला आणि प्रमाणपत्र मिळालेल्या कलाकारांना तिथे राहायची परवानगी दिली.

वाचायला छान वाटतं. पण नियम आला तरी भाव कोणी बांधून दिला नव्हता. कलाकारांमुळे भाग नावारूपाला आला, गॅलऱ्या आल्या, हॉटेलं आली, मग पैसेवाले आले. प्रमाणपत्र बघायला कोणी येत नाही हे कळल्यावर अट कागदावरच राहिली. ज्यांनी मजले वेळेवर विकत घेतले होते ते टिकले. भाड्याने राहणारे बहुतेक पुढच्या स्वस्त वस्तीकडे सरकले.

दुसरं उत्तर वेस्टबेथ. हडसन नदीजवळ बेल टेलिफोन कंपनीची प्रयोगशाळा होती. बोलपटाच्या आवाजाचं तंत्र जिथे घडलं त्या जागांपैकी ही एक. 1966 च्या सुमारास प्रयोगशाळा तिथून हलली. एका खासगी निधीने आणि सरकारच्या कलानिधीने मिळून त्या इमारती घेतल्या. रिचर्ड मायर या तेव्हा तरुण असलेल्या वास्तुविशारदाने त्यांचं घरांत रूपांतर केलं. 1970 मध्ये वेस्टबेथ उघडलं. कलाकारांसाठी सुमारे 380 घरं. आत येण्यासाठी दोन अटी: तुम्ही खरंच कलाकार असायला हवं आणि तुमचं उत्पन्न एका मर्यादेखाली असायला हवं. मालकी नफा न कमावणाऱ्या संस्थेची, म्हणून बाहेर भाव कितीही वाढला तरी आत घर विकायची घाई कोणालाच नव्हती.

वेस्टबेथ आजही उभं आहे. पन्नास वर्षांहून जास्त काळ ते टिकलं. पण तिथेही एक गाठ बसली. मूळ कल्पना अशी होती की तरुण कलाकार येतील, काही वर्षं राहतील, पाय रोवतील आणि दुसऱ्याला जागा देऊन निघतील. पण बाहेरची भाडी एवढी वाढली की निघून जायचं कुठे? लोक राहिले, म्हातारे झाले. प्रतीक्षा यादी इतकी वाढली की 2007 मध्ये ती बंदच करावी लागली, बारा वर्षांनी पुन्हा उघडली. तरुणांसाठी उघडलेलं दार आतल्या लोकांच्या दोषाशिवायच तरुणांना बंद झालं.

आता परत आपल्या देशात येऊ आणि मद्रासला जाऊ. मला आजची सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगायची आहे ती तिथली.

के. सी. एस. पणिकर मद्रासच्या सरकारी कला महाविद्यालयाचे प्राचार्य होते. मोठे चित्रकार, त्याहून मोठे शिक्षक. त्यांच्यापुढे एक प्रश्न दरवर्षी उभा राहायचा. मुलं पाच-सहा वर्षं शिकतात, उत्तम काम करतात आणि बाहेर पडली की चित्रकला सोडतात. मद्रासमध्ये चित्रं विकत घेणारे जवळजवळ नव्हतेच. मुंबईत निदान काही संग्राहक, काही गॅलऱ्या होत्या. इथे तेही नाही. मग कोणी कापडाच्या डिझाइनमध्ये जायचं, कोणी शाळेत, कोणी जाहिरातीत, कोणी गावी परत.

पणिकरांनी इथे दात्याची वाट पाहिली नाही. त्यांचं म्हणणं साधं होतं: चित्र विकून घर चालत नसेल तर घर दुसऱ्या कशावर तरी चालवू, आणि चित्राला विकलं जायच्या ओझ्यातून मोकळं करू. त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हस्तकलेची संघटना काढली. बाटिकची कापडं, धातूच्या, चामड्याच्या, मातीच्या वस्तू बनवायच्या आणि विकायच्या. बाटिक म्हणजे मेण लावून रंगवलेलं कापड. त्या काळात त्याला मागणी होती. चित्रकाराच्या हातचं बाटिक म्हटलं की लोक घेत. त्या विक्रीतून पैसे साठवले आणि 1966 मध्ये मद्रासच्या दक्षिणेला, महाबलीपुरमच्या रस्त्यावर, इंजंबाक्कम गावाजवळ जमीन घेतली. ती पुढे सुमारे दहा एकरांची झाली. वाळूची, सुरूच्या झाडांची, समुद्राकाठची जमीन. तेव्हा ती कोणाला नको होती, म्हणूनच चित्रकारांना परवडली. नाव ठेवलं चोलमंडल. तीसेक कलाकारांनी मिळून ही वसाहत उभी केली.

हे कसं चालायचं ते नीट बघा, कारण युक्ती त्यातच आहे. दिवसाचा काही वेळ हस्तकलेला, पोटासाठी. उरलेला वेळ स्वतःच्या चित्राला किंवा शिल्पाला, कोणासाठीच नाही. घर स्वतःचं, म्हणजे महिनाअखेरीला भाड्याची चिंता नाही. कार्यशाळा आणि प्रदर्शनाची जागा सगळ्यांची मिळून. शेजारी चित्रकारच असल्यामुळे हातोड्याच्या आवाजाची तक्रार कोणी करत नाही. एस. नंदगोपाल यांच्यासारखा धातूचं मोठं काम करणारा शिल्पकार शहरातल्या भाड्याच्या खोलीत कसा घडला असता?

मी हे फार गुलाबी करून सांगत नाही. के. रामानुजम हे चोलमंडलचे एक विलक्षण चित्रकार. काळ्या शाईत स्वप्नासारखी नगरं रेखाटायचे. 1973 मध्ये, पस्तिशीही पूर्ण होण्याआधी, त्यांनी आपलं आयुष्य संपवलं. आणि तिकडे वेस्टबेथमध्ये राहायला आलेल्या छायाचित्रकार डायान आर्बस यांनीही 1971 मध्ये तेच केलं. छप्पर मिळालं म्हणजे माणसाच्या सगळ्या जखमा भरतात असं नाही. छप्पर फक्त एक चिंता काढून घेतं. कलाकाराला मदत करायची म्हणणाऱ्याने हे नम्रपणे लक्षात ठेवलं पाहिजे.

1977 मध्ये पणिकर गेले. दात्याच्या बंगल्यात असतं तर सगळं कदाचित तिथेच थांबलं असतं. चोलमंडल थांबलं नाही, कारण ते पणिकरांच्या नावावर नव्हतं. हस्तकलेची गरज हळूहळू कमी झाली, चित्रं विकली जाऊ लागली. 2009 मध्ये तिथे मद्रासच्या कला चळवळीचं संग्रहालयही उभं राहिलं. दरम्यान शहर सरकत सरकत दक्षिणेला आलं. सुरूच्या बनांच्या जागी बंगले, रिसॉर्ट, मॉल. 2011 मध्ये इंजंबाक्कम चेन्नई महापालिकेत आलं. म्हणजे चित्रकार महागड्या शहरात टिकले असं म्हणण्यापेक्षा, महागडं शहर त्यांच्यापर्यंत चालत आलं आणि त्यांना हलवू शकलं नाही, असं म्हणायला हवं.

पण गाठ इथेही आहे. स्वतःचं घर मुलांकडे जातं. चित्रकाराचा मुलगा चित्रकार असेलच असं नाही. आणि आज पंचविशीतला, खिशात पैसे नसलेला शिल्पकार त्याच रस्त्यावर जमीन घेऊ म्हणाला तर ते शक्य नाही. संस्थापक पिढीला जे मिळालं ते जसंच्या तसं पुढच्या पिढीला मिळत नाही.

तिसरा मार्ग सरकारचा. दिल्लीत गढी नावाच्या गावात तटबंदी असलेली एक जुनी वास्तू होती. तिथे ललित कला अकादमीने 1976 मध्ये स्टुडिओ सुरू केले. काही खोल्या एकेका कलाकाराला, आणि मुद्राचित्रण, शिल्प, सिरॅमिक यांच्या सामायिक कार्यशाळा. नाममात्र शुल्क. या सामायिक कार्यशाळांचं मोल फार. एचिंगचं यंत्र किंवा मातीची भट्टी एकट्याने घेणं परवडत नाही आणि ती भाड्याच्या खोलीत ठेवताही येत नाही. गढीमुळे ती पुष्कळांच्या हाती आली. मात्र इथे राहायची सोय हा मुख्य हेतू नव्हता, काम करायची सोय हा होता. दिवसा गढीत आणि रात्री दूरच्या भाड्याच्या खोलीत, अशी कसरत बहुतेकांच्या वाट्याला आली. आणि सरकारी खोली कोणाला, किती वर्षांसाठी, हा प्रश्न अशा प्रत्येक ठिकाणी येतोच.

तर आता पाचही जागा शेजारी ठेवून बघू. भुलाभाईंच्या बंगल्यात दार सगळ्यांना उघडं होतं, पण छप्पर एका घराण्याच्या नावावर होतं, म्हणून ते गेलं. सोहोत राहायची परवानगी मिळाली, पण छप्पर बाजाराच्या हाती राहिलं, म्हणून भाडेकरू गेले. वेस्टबेथ आणि गढीत छप्पर संस्थेच्या नावावर आहे, ते टिकलं, पण आतल्या माणसाला पुढे जायची वाट नसली की बाहेरचा रांगेतच राहतो. चोलमंडलला छप्पर कलाकारांच्याच नावावर होतं, ते सर्वांत घट्ट टिकलं, पण ते एका पिढीचं झालं.

म्हणून माझ्या मते मदतीचा विचार भाड्यापासून सुरू करून चालत नाही. भाडं किती माफ केलं हा नंतरचा प्रश्न. पहिला प्रश्न: छप्पर कोणाच्या नावावर आहे, आणि भाव दहापट झाल्यावर ते विकायचा अधिकार कोणाला आहे? दुसरा: आत यायची अट काय, आणि ती तपासणार कोण? तिसरा प्रश्न बहुतेक ठिकाणी विचारलाच गेला नाही: आतला माणूस पाच-दहा वर्षांनी बाहेर पडेल तेव्हा त्याला उभं राहायला कुठली जागा असेल? या तिसऱ्याचं उत्तर नसेल तर त्याला बाहेर पड म्हणणं क्रूर आहे, आणि न म्हणणं दाराबाहेरच्या मुलावर अन्याय आहे.

तुम्ही हे इंदूरमध्ये ऐकत असाल, बडोद्यात, हैदराबादमध्ये किंवा बंगळूरला. तुमच्याही शहरात बंद पडलेली गिरणी असेल, पटसंख्या घटलेली महापालिकेची शाळा असेल, जुन्या मंडईचा रिकामा वरचा मजला असेल. त्या जागेचं काय करायचं यावर कधी ना कधी बैठक होईल. 'कलाकारांसाठी काहीतरी' असा ठराव आला तर टाळ्या वाजवण्याआधी हे तीन प्रश्न विचारा. आणि ठराव यायला उशीर होत असेल तर पणिकरांची आठवण ठेवा. त्यांनी जमीन घेतली तेव्हा ती वाळू होती. आज तुमच्या शहराच्या कडेला जी जागा कोणाला नको आहे, ती दहा-वीस जणांनी मिळून आजच घ्यावी लागेल. रस्ता रुंद झाल्यावर उशीर झालेला असेल.

आज इथेच थांबतो. नमस्कार.